थंडीतली टू-स्ट्रोक: कोल्हापूरच्या हवेत कार्बोरेटरचं जेटिंग कसं लावायचं

दिवाळी उलटली, पंचगंगेच्या काठानं सकाळी धुकं बसायला लागलं की शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजांत एक तक्रार सारखी ऐकू येते. "मिस्त्री, सकाळी गाडी उचलंना झालीया." गाडी म्हणजे आरएक्स १००, आरएक्स १३५, शोगन, येझदी, नाहीतर घरातली जुनी चेतक. यावर "जेट मोठा टाकू की" हे उत्तर तयार असतं. जेट म्हणजे कार्बोरेटरमधली बारीक भोकाची पितळी नळी, तिच्यातून पेट्रोल मोजून हवेत मिसळतं; या सगळ्याचा मेळ लावणं म्हणजे जेटिंग. कधी ते बरोबर निघतं. पण बऱ्याचदा जेट बदलूनही तक्रार तिथंच राहते आणि वर गाडी धूर ओकायला लागते.

टू-स्ट्रोक नुकतीच हातात आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. कार्बोरेटर आजवर एकदाही उघडला नसेल तरी चालेल. मुद्द्याचं आधीच सांगतो: कोल्हापूरची थंडी कार्बोरेटरमध्ये फार थोडा बदल मागते. मेन जेट (मोठा, मुख्य जेट) एक पायरी, नीडलची (मुठीबरोबर वर-खाली होऊन पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच, एअर स्क्रू (आयडलची हवा कमी-जास्त करणारा स्क्रू) पाव फेरा. याहून जास्त बदलल्याशिवाय गाडी चालत नसेल तर दोष दुसरीकडं आहे, आणि तो जेटनं झाकायचा नसतो.

थंड हवा नेमकं काय करते

थंड हवा दाट असते. मे महिन्यातल्या दुपारचे ३७ अंश आणि जानेवारीतल्या पहाटेचे १३ अंश धरले, तर तेवढ्याच जागेत पहाटे साधारण ८ टक्के जास्त वजनाची हवा मावते. हवा दाट झाली की जेटमधून पेट्रोल ओढायचा तिचा जोरही वाढतो, पण पेट्रोल हवेच्या साधारण निम्म्या प्रमाणातच वाढतं. म्हणजे हवा ८ टक्के जास्त, पेट्रोल ४ टक्के जास्त, आणि ४ टक्क्यांची तूट. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झालेल्या मिश्रणाला गॅरेजात 'लीन' म्हणतात, उलट असेल तर 'रिच'.

४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, आणि उन्हाळ्यात थोडं रिच लावलेल्या गाडीला ते खरोखरच किरकोळ असतात. अशी गाडी थंडीत उलट जास्त मोकळी पळते. पण उन्हाळ्यात अगदी काठावर, मायलेजसाठी ताणून लावलेली गाडी जानेवारीच्या पहाटे धोक्यात येते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल जळण्यापलीकडंही कामं करतं. वाफ होताना ते क्रॅंककेस आणि पिस्टन थंड करतं, आणि तेल पेट्रोलमध्ये मिसळून घालत असाल तर वंगणही तेच आत नेतं. पेट्रोल कमी पडलं की उष्णता वाढते आणि तेल घटतं, दोन्ही एकाच वेळी. रिच गाडी धूर काढते, प्लग काळा करते, पेट्रोल पिते. लीन गाडी पिस्टन धरते, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून शंका असेल तिथं नेहमी रिचच्या बाजूनं सुरुवात करायची.

आपल्याकडं आणखी एक अडचण आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १३ अंशांवर असलेला पारा दुपारी ३० च्या आसपास जातो. दोन्ही वेळांना अचूक बसेल असं जेटिंग नसतं. तुम्ही गाडी ज्या सर्वांत थंड वेळी काढता, ती वेळ धरून लावा. कॉलेजला दहानंतर निघत असाल आणि अंधार पडायच्या आत घरी येत असाल, तर कार्बोरेटरला हात लावायची बहुधा गरजच नाही.

पन्हाळा आणि कोकण

उंचीचा हिशोबही यातच येतो. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे आणि पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच. उंचावर हवा विरळ होते, मिश्रण रिचकडं झुकतं. त्यामुळं शिवाजी पूल ओलांडून केर्ली, वाघबीळ करत पन्हाळ्याला चढताना थंडीनं आलेली तूट उंचीनं बरीचशी भरून निघते. शहरात अचूक लावलेली गाडी वर थोडी जड वाटली तर ती बिघडलेली नाही.

नवख्याला फसवणारी दिशा उलटी आहे: गगनबावड्याहून घाट उतरून कोकणात जाणं. मालवणात हवा उबदार म्हणून गाडी निर्धास्त पळवली जाते. पण तिथं समुद्रसपाटी आहे. रात्रीचे २० अंश धरले तरी तिथली हवा कोल्हापूरच्या पहाटेच्या हवेपेक्षा ३ ते ४ टक्के दाट भरते. थंडीसाठी मोठा केलेला जेट कोकणच्या फेरीआधी पुन्हा लहान करू नका, असं मी आवर्जून सांगतो ते यासाठीच.

पेट्रोलमधलं इथेनॉल

आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून निघालेलं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये असतं. २०२५ मध्ये देशभर २० टक्के मिश्रण गाठलं गेलं. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जाळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला, म्हणजे या २० टक्के मिश्रणाला, सुमारे १३.५. म्हणजे त्याच हवेला ई२० जवळजवळ ८-९ टक्के जास्त लागतं. आरएक्स १०० चं उत्पादन १९८५ ते १९९६ या काळातलं, तिचे कंपनीचे जेट शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेले. अशी गाडी मूळ जेटवर ई२० घालून चालवली, की थंडी सुरू व्हायच्या आधीच ती लीनकडं सरकलेली असते, तेही थंडीच्या तुटीच्या दुप्पट.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा: माझ्या गाडीचं जेटिंग हल्लीचं पेट्रोल घालून कुणी तपासलंय का? नसेल तर आधी तो हिशोब लागतो. थंडीचा बदल त्यानंतर, त्याच्या वरचा. जुनी रबरी पेट्रोल नळी आणि फ्लोट नीडलचं (कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या सुईचं) रबरी टोक इथेनॉलनं फुगतं किंवा कडक होतं, तेही याच वेळी बघून घ्या.

कार्बोरेटर उघडायच्या आधी

हवेची गळती आणि लीन जेटिंग यांची लक्षणं सारखीच असतात: आयडल (मूठ सोडल्यावरची रेस) वरखाली होणं, ॲक्सिलेटर सोडल्यावर रेस पटकन खाली न येणं, एकदम पीळ दिल्यावर क्षणभर इंजिन पडणं. गळती असलेल्या गाडीला मोठा जेट घातला तर लक्षण तेवढं झाकतं, भोक तसंच राहतं.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबरी मॅनिफोल्ड वाकवून बघा. थंडीत जुनं रबर आणखी कडक होतं आणि बारीक भेगा उघडतात. इंजिन सुरू ठेवून त्या जोडाभोवती साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा. रेस बदलली तर हवा तिथून आत जाते. ज्वलनशील स्प्रे गरम सायलेन्सरजवळ वापरू नका. बाहेर काही सापडलं नाही तरी लक्षण जात नसेल तर क्रॅंकचे ऑइल सील संशयित. आरएक्ससारख्या गाडीत मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा ओढली जाते आणि गाडी लीन होते. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल ओढलं जातं, दाट पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते. हे काम मिस्त्रींकडं.

एअर फिल्टर धुऊन, सुकवून, फोमचा असेल तर त्याला तेल लावून बसवा. फिल्टरचा डबाच काढून टाकलेला असेल किंवा सायलेन्सर बदललेला असेल, तर मूळ गाडीचे आकडे तुम्हाला लागू नाहीत, तुमची सुरुवात वेगळी. आणि प्लग नवा घ्या, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्याच उष्णता श्रेणीचा. आपल्याकडच्या थंडीसाठी गरम श्रेणीचा प्लग घालायची सूचना कुणी केली तर ऐकू नका.

कुठला भाग कधी काम करतो

गाडीचा वेग किती किंवा गिअर कुठला, याच्याशी जेटचं देणंघेणं नसतं. ॲक्सिलेटर किती उघडला आहे, एवढंच महत्त्वाचं. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करा: बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. हे न करता जेटिंग करणारे लोक पायलटचा दोष मेनवर ढकलतात.

बंद ते पाव उघड्यापर्यंत पायलट जेट (आयडलचा छोटा जेट) आणि एअर स्क्रू. पाव ते पाऊण नीडल. पाऊणच्या पुढं मेन जेट. पावच्या आसपास स्लाइडच्या (मूठ पिळल्यावर वर उचलल्या जाणाऱ्या, नीडल धरणाऱ्या भागाच्या) खालच्या कापाचाही परिणाम असतो, पण तो बदलायच्या भानगडीत पडू नका. शहरात, म्हणजे बिंदू चौक ते शाहूपुरी असं फिरताना तुम्ही जवळजवळ पूर्ण वेळ पायलट आणि नीडलवर असता. मेन जेट फक्त उघड्या रस्त्यावर बोलतो. "सकाळी गाडी उचलंना" ही तक्रार म्हणून बहुधा मेनची नसतेच.

हे सगळं स्लाइड आणि नीडल असलेल्या कार्बोरेटरला लागू आहे. काही स्कूटरच्या कार्बोरेटरांत नीडल नसते, त्यांनी तेवढा भाग सोडावा.

उघडणं आणि नोंद

इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत काम करा. थंडीत गल्लीच्या तोंडाला शेकोटी पेटलेली असते, तिच्या आसपास पेट्रोल काढायचं नाही. पेट्रोल कॉक बंद करा, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल डब्यात काढा. तळाशी पाण्याचा थेंब किंवा गंज दिसला तर टाकी आणि कॉकची जाळी साफ केल्याशिवाय पुढं जाऊ नका. थंडीत अर्ध्या रिकाम्या टाकीत आतून दव धरतं आणि इथेनॉल ते पाणी शोषून घेतं, म्हणून रात्री टाकी भरलेली असलेली बरी.

वाटीचे चौफुली स्क्रू मऊ असतात. नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, दाबून फिरवा. मेन जेट आणि पायलट जेटवरचे आकडे वाचा. वरचं झाकण उघडून स्लाइड बाहेर काढा आणि नीडलची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे ते बघा. एअर स्क्रू हलक्या हातानं आत बसेपर्यंत फिरवून फेरे मोजा. जोरात आवळलात तर टोक आणि बूड दोन्ही खराब होतात. हे चारही आकडे वहीत लिहा, शेजारी तारीख आणि सकाळचं तापमान. पुढच्या वर्षी सगळ्यांत जास्त उपयोग या वहीचाच होतो.

जेट तुंबला असेल तर तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेनं भोक मोठं होतं आणि आकडा खोटा ठरतो. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. ड्रिल मारून जेट 'मोठा' करून देणारे भेटतील, नम्रपणे नाही म्हणा. बाजारातल्या स्वस्त सेटमधल्या जेटवरच्या आकड्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. अस्सल जेट एकेक घेतलेला बरा.

आकड्यांबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. मिकुनी आणि केहीन या कार्बोरेटर बनवणाऱ्या दोन कंपन्या. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा पेट्रोलच्या प्रवाहाचा असतो, केहीनच्या जेटवरचा भोकाच्या व्यासाचा. त्यामुळं मिकुनीत १०० वरून १०५ केलं की पेट्रोल सुमारे ५ टक्के वाढतं, तर केहीनमध्ये तेवढ्याच बदलानं सुमारे १० टक्के. वरचा ४ टक्क्यांचा हिशोब आठवा, म्हणजे थंडीसाठी मिकुनीची एक पायरी का पुरते ते कळेल.

बसवताना स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडं आला पाहिजे आणि तिची उभी खाच आतल्या खिळीत बसली पाहिजे. उलटी बसली तर ॲक्सिलेटर उघडाच अडकू शकतो. किक मारायच्या आधी हॅंडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मूठ सोडा. प्रत्येक वेळी 'टक्' करून स्लाइड खाली आली पाहिजे. ही तपासणी चुकवायची नाही.

पहिली तपासणी मेन जेटची

शहरात मेन फारसा लागत नसला तरी सुरुवात त्याच्यापासून करतो, कारण पिस्टन धरण्याचा सर्वांत मोठा धोका तिथंच असतो आणि मेन बदलला की नीडलच्या टप्प्यातही थोडा फरक पडतो.

इंजिन पूर्ण गरम करा. रहदारी नसलेला, लांबवर दिसणारा, हलक्या चढाचा सरळ पट्टा निवडा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण उघडलं की वेग फार न वाढता इंजिनवर पूर्ण भार येतो. शहरातले रस्ते, रंकाळ्याचा फेरा, हायवे, यांतलं काहीही या कामाला योग्य नाही. धुकं विरल्यावर, पण हवा थंड असतानाच जा. गळीत हंगामात याच वेळी उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागचा दिवा नसलेल्या. उजाडल्याशिवाय चाचणी करू नका. हेल्मेट, हातमोजे आणि बूट घाला.

पूर्ण उघडून थोडं अंतर जा. मग मूठ अगदी किंचित मागं घ्या. मागं घेतल्यावर गाडी जोर धरत असेल तर मेन लीन आहे. ताबडतोब सावकाश परत या आणि एक पायरी मोठा घाला. पूर्ण उघड्यावर टीक-टीक असा धातूसारखा आवाज आला तरी अर्थ तोच. उलट पूर्ण उघड्यावर गाडी 'बब-बब' करत अडखळत असेल, रेस वर चढतच नसेल, तर मेन रिच आहे.

प्लगचा पुरावाही घ्या. नव्या प्लगवर पूर्ण उघडून थोडं अंतर जा, मग एकाच क्षणी क्लच दाबा आणि इंजिन बंद करा. बंद करताना किल्ली फक्त बंद खुणेपर्यंत फिरवा, काही गाड्यांत त्याच्या पुढं हॅंडल लॉक होतं. गाडी घरंगळत थांबवा आणि हातमोजे घालूनच गरम प्लग काढा. आयडलवर चालवत घरी आणून काढलेला प्लग आयडलचीच गोष्ट सांगतो, त्यावरून मेन ठरत नाही. आत, चिनी मातीच्या अगदी बुडाशी फिकट तपकिरी कडं दिसलं तर बरं. पूर्ण पांढरा, चकचकीत, किंवा बारीक चंदेरी कण चिकटलेला दिसला तर थांबा; ते कण पिस्टनचे असतात. हल्लीच्या पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीपेक्षा फिका येतो, म्हणून एकट्या रंगावर निर्णय घेऊ नका. मूठ मागं घेण्याची खूण आणि रंग, दोन्ही जुळले पाहिजेत.

मग एअर स्क्रू आणि पायलट

हाच भाग सकाळच्या तक्रारीच्या मुळाशी असतो, त्यामुळं इथं वेळ द्या. हे काम सकाळच्या थंड हवेत, पण इंजिन गरम झाल्यावर करायचं. दुपारी केलेलं आयडल पहाटे टिकत नाही.

टू-स्ट्रोकच्या या कार्बोरेटरांत एअर स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवेचा मार्ग उघडतो-मिटतो. आत फिरवला की हवा कमी, मिश्रण रिच. बाहेर काढला की लीन. अनेक फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिनच्या बाजूला पेट्रोलचा स्क्रू असतो, त्याचं बरोबर उलटं. स्प्लेंडरवर हात बसलेला माणूस आरएक्सला इथंच चुकीच्या दिशेनं फिरवतो.

आयडल स्क्रूनं रेस थोडी चढवा. एअर स्क्रू आत बसवून दीड फेरा बाहेर काढा. आता पाव-पाव फेरा दोन्हीकडं फिरवत जिथं रेस सर्वांत वर आणि सर्वांत एकसारखी वाटते ती जागा शोधा. प्रत्येक वेळी थोडं थांबा, इंजिनला बदल जाणवायला क्षण लागतो. जागा सापडली की आयडल स्क्रूनं रेस परत खाली आणा. मग मूठ झटकन पाव उघडा. इंजिन क्षणभर पडून मग उचललं तर एअर स्क्रू पाव फेरा आत. धूर काढत, अडखळत उचललं तर पाव फेरा बाहेर.

सर्वोत्तम जागा एका फेऱ्याच्याही आत येत असेल तर पायलट जेट लहान पडतोय, एक पायरी मोठा घाला. अडीच फेऱ्यांच्या बाहेर जात असेल तर पायलट मोठा आहे. चांगल्या लागलेल्या गाडीला थंडीत बहुधा पायलट बदलावा लागत नाही, एअर स्क्रूचा पाव फेरा पुरतो. पीयूसीची चाचणी आयडलवरच होते, म्हणून गरजेपेक्षा जास्त आत फिरवून ठेवू नका.

नीडल शेवटी

अर्ध्या उघड्यावर, चौथ्या गिअरमध्ये सपाट रस्त्यावर एकसारखी गाडी चालवा. फुलेवाडीतून बाहेर पडून कळ्याच्या दिशेला असे पट्टे मिळतात. गाडी पुढं-मागं ओढल्यासारखी करत असेल, अर्ध्यावरून वाढवताना कोरडी वाटत असेल, तर लीन. क्लिप एक खाच खाली लावा, म्हणजे नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. अर्ध्यावर जड, घोगरी आणि धुरकट वाटत असेल तर क्लिप एक खाच वर. क्लिपची एक खाच हा मोठा बदल आहे, एकाच वेळी दोन खाचा कधी सरकवू नका.

दोन गोष्टी एकत्र बदलणं तर पूर्ण टाळा. जेट आणि तेलाचं प्रमाण एकदम बदललं की काय कशामुळं झालं ते कळत नाही. तेल जास्त घातलं म्हणजे गाडी सुरक्षित, ही समजूतही अर्धीच खरी. लिटरला २० मिलीवरून ४० मिली केलं की तेवढ्या जागेतलं पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण थोडं लीन होतं. जे प्रमाण ठरलं ते वर्षभर कायम ठेवा. थंडीत तेल दाट होतं, म्हणून आधी थोड्या पेट्रोलमध्ये नीट हलवून मग टाकीत घाला.

सकाळची किक

जेटिंग अचूक असूनही सकाळी चुकीच्या सवयीनं इंजिन खराब होतं. मिकुनीच्या या कार्बोरेटरांत चोक म्हणजे हवेचं तोंड बंद करणारी पाती नसते. तो पेट्रोलचा एक वेगळा छोटा मार्ग असतो आणि स्लाइड पूर्ण खाली असतानाच तो नीट ओढतो. म्हणून चोक ओढून मूठ पिळत किक मारली की चोकचा उपयोगच निघून जातो. कॉक सुरू, चोक ओढलेला, मूठ बंद. किल्ली बंद ठेवून दोन-तीन हळू किक, मग किल्ली सुरू करून एक खणखणीत. पकडली की अर्ध्या-एक मिनिटानं चोक सोडा. चोक तसाच ठेवून राजारामपुरीपर्यंत जायचं नाही.

गरम होऊ द्यायचं ते पिस्टनसाठी. ॲल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरच्या आतल्या बिडाच्या नळीपेक्षा, म्हणजे स्लीव्हपेक्षा, लवकर फुगतो. थंड सिलिंडरमध्ये एकदम पूर्ण उघडलं की पिस्टन फुगून बसतो आणि स्लीव्ह अजून आकसलेली असते. जेटिंग कितीही चांगलं असलं तरी पिस्टन अशानं धरतो. नुकतंच बोरिंग करून नवा पिस्टन घातला असेल तर फट आणखी कमी असते, मग दुप्पट काळजी. दोन-तीन मिनिटं हलक्या रेसवर ठेवा, नंतरचे दोन-तीन किलोमीटर अर्ध्याच्या वर उघडू नका.

घाट उतरताना एक सवय लावून घ्या. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालत असाल तर मूठ बंद ठेवून गिअरवर लांब उतार उतरताना इंजिन जोरात फिरतं, पण त्याला पेट्रोल मिळत नाही, म्हणजे तेलही नाही. करूळच्या घाटात, वाघबीळच्या उतारावर मधूनमधून क्लच दाबून मूठ थोडी उघडा, इंजिनला घोटभर तेल मिळू द्या. ब्रेक आधीच तपासून ठेवलेले असू द्यात, कारण उताराचा भार त्यांच्यावर जास्त येणार आहे.

फेब्रुवारी संपत आला, पहाटेची बोचरी हवा गेली की वही उघडा आणि उलट्या क्रमानं मागं या. आधी एअर स्क्रू जुन्या फेऱ्यावर, मग क्लिप. मेन जेटची एक पायरी मात्र पूर्ण उघड्यावर गाडी अडखळत असेल तरच लहान करा. अडखळत नसेल आणि तुम्ही ई२० वर चालवत असाल, तर तो मोठा जेट उन्हाळ्यातही तसाच राहू द्या.